मेजवानीतली वाइन आणि निर्यातीचं गणित

प्रश्न : परदेशी पाहुण्यांच्या सरकारी मेजवानीत देशी वाइन ठेवली, की निर्यात वाढते म्हणतात. खरं आहे का? (एक वाचक, निफाड)

उत्तर : नाव होतं, ऑर्डर मिळेलच असं नाही. १९७२ मध्ये बीजिंगला अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन आणि चीनचे पंतप्रधान चौ एन-लाय यांच्या ग्लासांत कॅलिफोर्नियाच्या श्रॅम्सबर्ग कंपनीची वाइन होती. त्यातून नाव झालं ते एका कंपनीचं. अख्ख्या देशाच्या वाइनला उठाव हवा असेल तर जॉर्जिया या काळ्या समुद्राकाठच्या देशाचं काम पाहावं.

मार्च २००६ मध्ये रशियाने कीटकनाशकांचे अंश असल्याचं कारण देत जॉर्जियाच्या वाइनची आयात बंद केली. तोवर निर्यातीतला सुमारे ८० टक्के माल तिथेच जाई आणि जॉर्जियाच्या नावावर भेसळीचा मालही भरपूर खपे. म्हणून सरकारने आधी प्रयोगशाळेची तपासणी आणि निर्यात प्रमाणपत्र यांवर भर दिला. हा पाया नसेल तर राजदूताने कितीही बाटल्या वाटल्या तरी फुकट.

मग आपलं वेगळेपण पुढे केलं : क्वेव्री. आतून मेण लावलेला, गळ्यापर्यंत जमिनीत पुरलेला मातीचा रांजण. त्यात रस, साली आणि बिया एकत्र आंबतात; पाच-सहा महिन्यांनी पांढऱ्या द्राक्षांची वाइन मधाच्या रंगाची निघते. २०१३ मध्ये युनेस्कोच्या वारसा यादीत ही पद्धत आली.

दूतावासांचे कार्यक्रम फसतात ते साध्या गोष्टींत. ही वाइन फ्रीजमधून थेट ओतली तर सालींचा तुरटपणा बोचतो; १२ ते १४ अंशांवर द्यावी. चवीपुरते ५० मिलि धरले तर ७५० मिलिच्या बाटलीत १५ जण होतात. त्यांत आयातदार आणि हॉटेलांचे खरेदीदार हवेत, नुसते मानकरी नकोत. दरपत्रकही तिथेच हातात पडावं.

तरी एक दुखणं उरलंच. २०१३ मध्ये रशियाने दार उघडलं आणि निम्म्याहून अधिक निर्यात पुन्हा तिकडेच वळली. ओळखीचं गिऱ्हाईक सोपं पडतं, पण धोका तोच राहतो.

प्रश्न : ऑस्ट्रेलियाशी झालेल्या व्यापार कराराचा नाशिकला फटका बसेल? (एक द्राक्ष बागायतदार, दिंडोरी)

उत्तर : स्वस्त वाइनला नाही. २९ डिसेंबर २०२२ पासून, ऑस्ट्रेलियाच्या वाइनच्या बाटलीची आयात किंमत ५ अमेरिकी डॉलरच्या वर असेल तर आयात शुल्क १५० वरून १०० टक्के झालं, ते १० वर्षांत ५० वर येईल. १५ डॉलरच्या वर ते ७५ झालं, पुढे २५. पाचच्या खाली सवलत नाही. खरी चुरस तुमच्याकडच्या महागड्या, रिझर्व्ह लेबलांना आहे.