नवीन वनरक्षक गावकऱ्यांसमोर गप्प होतात, काय करू?

प्रश्न: मी राधानगरी भागात वनपाल आहे. माझ्याकडे दोन नवीन वनरक्षक आलेत, एक पोरगी लातूरकडची, एक पोरगा साताऱ्याचा. कायदा दोघांना पाठ आहे, पण गव्यानं ऊस तुडवला आणि शेतकरी अंगावर आला की दोघं पण गप्प, मग मला फोन. पोरगी तर बदलीचा अर्ज लिहून बसलीय. साहेब म्हणतात परत ट्रेनिंगला पाठवा. पाठवू का?
– एक वनपाल

उत्तर: ट्रेनिंग वाईट नाही हो, आपल्या शेजारी सांगली जिल्ह्यात कुंडलला वन विभागाची अख्खी अकादमीच आहे, पण तुमचं दुखणं वर्गात बरं होईल असं मला वाटत नाही. गवा 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात अनुसूची 1 मध्ये, म्हणजे सगळ्यात जास्त संरक्षणाच्या यादीत येतो हे पोरांना माहितीय, पण "तुमची जनावरं तुम्ही सांभाळा की" म्हणून बांधावर वीस माणसं ओरडायला लागली की अनुसूची काय कामाची?

सुरुवातीचे काही पंचनामे तुम्ही सोबत जाऊन करा, पण बोलायचं त्यांनी. तुम्ही नुसतं शेजारी उभं राहायचं आणि अगदीच हाताबाहेर गेलं तर तोंड उघडायचं. आधी शेतकऱ्याचं सगळं ऐकून घ्यायचं, मग नुकसान बघायचं, अर्ज कुठं करायचा ते सांगायचं, आणि पैसे कधी मिळतील याचा शब्द अजिबात द्यायचा नाही कारण ते वनरक्षकाच्या हातात नसतंय आणि एकदा शब्द खोटा पडला की त्या गावात परत कोण विचारत नाही. चुकलं तर गाडीत बसल्यावर सांगा, गावासमोर नको, तिथं झापलंत तर बीटवरची, म्हणजे त्यांच्या हद्दीतली, इज्जत गेलीच म्हणून समजा.

दुसरं म्हणजे तुमचे जुने वनमजूर. त्यांना पायवाटा, पाणवठे, कुठल्या वाडीत कोणाचं चालतं सगळं माहीत असतं, आणि आपण त्यांना फक्त ओझं उचलायला नेतो! गस्तीला नवीन पोरासोबत एक जुना मजूर असू द्या, एकटं पाठवू नका. आणि 15 फेब्रुवारीला वणव्याचा हंगाम सुरू व्हायच्या आधी एक दिवस जाळरेषेवर, म्हणजे आग पसरू नये म्हणून गवत जाळून मोकळ्या केलेल्या पट्ट्यावर घालवा, पालापाचोळा उडवायचा ब्लोअर प्रत्येकाच्या हातात द्या. आग चढाला जोरात पळते, म्हणून तिच्या वरच्या अंगाला उभं राहायचं नाही, आणि दुपारी सड्यावर, म्हणजे डोंगरावरच्या पठारावर, वारा फिरतो, हे वाळक्या गवतात उभं राहून सांगितलं की डोक्यात बसतंय.

पोरीच्या अर्जाचं मात्र वेगळं बघा. ती गव्याला घाबरून चाललीय असं धरून चालू नका, आधी क्वार्टर बघा. दाराला कडी नीट आहे का, संडास, पाणी, लाईट आहे का, फोनला रेंज नसेल तर वॉकीटॉकी दिलाय का, रात्रीच्या ड्युटीला सोबत कोण असतंय? आणि कोण त्रास देत असेल, स्टाफमधलाच का असेना, तर कामाच्या ठिकाणी बायकांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्यानं ऑफिसात अंतर्गत तक्रार समिती असायला पाहिजे, तिथले मेंबर कोण ते तिला आधीच सांगून ठेवा. हे तुम्हाला बोलायला अवघड वाटत असेल तर एखाद्या सीनियर वनरक्षक ताईंना मधे घ्या. एवढं करूनही तिला घराजवळ जायचं असेल तर अर्ज अडवू नका, शिफारस करून पुढं पाठवा.