ओढला गेलेला धागा

प्रश्न : माझ्या बारीक विणीच्या लोकरी स्वेटरची बाही दाराच्या कडीत अडकली. तिथला धागा ओढला जाऊन फासासारखा बाहेर लोंबतो आहे आणि त्याच्या दोन्ही बाजूंना आडवी चुणी पडली आहे. तो फास कापून टाकला तर चालेल का?

उत्तर : कात्री मुळीच लावू नये. बाहेर आलेला धागा हा शेजारच्या टाक्यांतूनच खेचला गेलेला असतो आणि चुणी पडते ती ते टाके आवळले गेल्यामुळे. फास कापल्यास त्या ओळीतला धागा तुटतो, आधार गेलेले टाके सुटतात आणि वीण उभी उसवत जाते. अनेकजण क्रोशाच्या सुईने फास नुसता आतल्या बाजूला ओढून घेतात. त्याने तो दिसेनासा होतो खरा, पण चुणी तशीच राहते आणि स्वेटर घालताना आतला फास बोटात अडकतो.

प्रथम कापड दोन्ही हातांत धरून आधी आडवे, मग उभे, असे हलकेच ताणावे. लहानसा फास एवढ्यानेही आत जातो. तो न गेल्यास बोथट टोकाची जाड सुई घ्यावी, कारण टोकदार सुई धाग्याचे पीळ चिरत जाते. फासाला लागून असलेल्या आवळलेल्या टाक्याखाली सुईचे टोक घालून तो किंचित उचलला, की फासातला थोडा धागा त्या टाक्यात येतो. तो टाका नेहमीपेक्षा मोठा दिसू लागला, की त्यातला जास्तीचा धागा याच रीतीने पुढच्या टाक्यात सरकवावा आणि चुणी संपेपर्यंत असेच जात राहावे. अर्धा धागा एका बाजूला व अर्धा दुसऱ्या बाजूला वाटला, तरच वीण सारखी दिसते. काम कंटाळवाणे आहे, उजेडही भरपूर लागतो. शेवटी इस्त्री कापडाला न टेकवता वरून वाफ द्यावी, म्हणजे लोकरीचे टाके आपापल्या जागी बसतात. अ‍ॅक्रिलिकच्या कपड्याला मात्र वाफ देऊ नये, कारण उष्णतेने त्याची वीण कायमची ढिली पडते.

प्रश्न : धागा तुटून टाके खाली सुटत गेले असतील, तर?

उत्तर : सर्वांत खालचा सुटा टाका आधी सेफ्टी पिनमध्ये अडकवावा. सुलट बाजूने त्या टाक्यात क्रोशाची सुई घालून त्याच्या लगेच वरचा आडवा धागा पकडावा व टाक्यातून बाहेर काढावा; असे एकेक आडवा धागा घेत वरपर्यंत चढावे. वरचा टाका त्याच रंगाच्या धाग्याने पक्का करावा आणि तुटलेली टोके न कापता उलट बाजूच्या टाक्यांतून ओवून लपवावीत. टोके फारच आखूड असतील, तर तुटलेल्या धाग्याच्या वाटेनेच तितक्याच जाडीचा नवा धागा सुईने दोन्हीकडे काही टाके पुढेपर्यंत फिरवून घ्यावा.