शाळेचे प्रश्न : मुख्याध्यापकाने वर्गात जाऊन काय पाहावे?

प्रश्न : जिल्हा परिषदेच्या पहिली ते सातवीच्या शाळेत मी गेल्या जूनमध्ये पदोन्नतीने मुख्याध्यापक झालो. पट १६८ आहे आणि माझ्याखेरीज सहा शिक्षक आहेत. तिसरीच्या बाई फार चांगले शिकवतात, पण अलीकडे थकलेल्या दिसतात. एक ज्येष्ठ सर पंधरा वर्षे एकाच पद्धतीने शिकवीत आले आहेत आणि मी वर्गात गेलो की गप्प होतात. माझा स्वतःचा दिवस पोषण आहाराच्या नोंदी, ऑनलाइन माहिती आणि बैठका यांतच जातो. चांगल्या शिक्षकाला बळ मिळावे आणि इतरांनाही पुढे नेता यावे, यासाठी मी नेमके काय करू? – एक मुख्याध्यापक, लातूर जिल्हा

उत्तर : आपण वर्गात गेलात की सर गप्प होतात, हे वाक्य आपल्या पत्रात ओझरते आले आहे, पण मला तेच सर्वांत महत्त्वाचे वाटते. वर्गात साहेब आले म्हणजे तपासणी आली, हे आपल्याकडच्या शिक्षकाच्या मनात पक्के बसलेले आहे. पाठाच्या तयारीची टाचणवही पाहायची, हजेरी मोजायची, दोन मुलांना पाढे म्हणायला लावायचे आणि शेरेबुकात ‘अध्यापनात सुधारणेस वाव आहे’ असे लिहून निघायचे. शाळा तपासणारा विस्तार अधिकारी असताना मी स्वतः हे वाक्य कितीतरी वेळा लिहिले, आणि त्यामुळे कोणाचा एखादा तास सुधारल्याचे मला आठवत नाही.

वर्गात बसायचे ते आधी सांगून, मुलांच्या रांगेत, पूर्ण तास, आणि डोळे शिक्षकावर न ठेवता तीन-चार मुलांच्या वह्यांवर ठेवून. तिसरीत हातच्याच्या वजाबाकीचा तास आहे असे समजा. फळ्यावर ५२ वजा २७ लिहिले आहे. खिडकीजवळच्या मुलाने उत्तर लिहिले ३५, कारण त्याने सातातून दोन काढले आणि पाचातून दोन काढले. शेजारच्या मुलीचेही उत्तर ३५. पलीकडच्या मुलाने मात्र दहा काड्यांचा एक गठ्ठा सोडला, सुट्या बारा काड्यांतून सात बाजूला केल्या आणि तो बरोबर २५ वर आला. फळ्यापाशी उभ्या असलेल्या बाईंना पंचवीस वह्यांतले हे सारे एका वेळी दिसणे शक्य नसते, पण खाली बसलेल्या आपल्याला ते सहज दिसते. तास संपल्यावर ‘या दोघांनी दोन्ही वेळा लहान अंक मोठ्यातून वजा केला; त्यांच्या हातात काड्या दिल्या तर काय करतील?’ एवढेच विचारावे. एका वेळी एकच गोष्ट बोलावी आणि शेरा लिहू नये. आठ-दहा दिवसांनी त्याच मुलांपाशी पुन्हा जाऊन बसावे, कारण दुसरी फेरी झाली नाही तर पहिली फेरी तपासणीच ठरते.

ज्येष्ठ सरांच्या बाबतीत क्रम उलटा ठेवावा, म्हणजे आधी त्यांना आपल्या वर्गात बोलवावे. आपण आठवड्याला काही तास शिकवत असालच. नसाल तर सुरू करा, कारण शिकवणे सोडलेला मुख्याध्यापक सहकाऱ्यांच्या लेखी निम्मा कारकूनच असतो. ‘सर, माझ्या तासाला कोणती मुले सुटतात तेवढे पाहता का?’ असे म्हणून त्यांना खरोखरच पाहू द्यावे आणि ते जे सांगतील ते पुढच्या तासाला करून दाखवावे. पंधरा वर्षे एका गावात काढलेल्या माणसाला कोणते मूल ऊसतोडीच्या हंगामात आईवडिलांबरोबर जाते आणि परत आल्यावर कुठे अडते, हे कोणत्याही प्रशिक्षणापेक्षा नेमके ठाऊक असते. ते ज्ञान शाळेच्या नियोजनात आले की सरांचे गप्प राहणेही हळूहळू कमी होईल. महिनाभरात होईल, असे मात्र मी म्हणणार नाही.

बाईंच्या थकव्याचे कारण बहुधा आपल्याच शाळेत असावे. जो काम करतो त्याच्याच गळ्यात पुढचे काम पडते, हा शाळांचा जुना रिवाज आहे. शिष्यवृत्तीचे जादा तास, स्नेहसंमेलन, पाहुणे आले की त्यांचाच वर्ग दाखवणे, आणि मोबाइल चांगला हाताळता येतो म्हणून ऑनलाइन नोंदीही त्यांच्याकडेच. एका कागदावर शाळेतली सगळी कामे व त्यांपुढे सहा जणांची नावे लिहून पाहा, म्हणजे वाटणी लगेच दिसेल. बाईंची दोन कामे काढून घ्यावीत, आणि त्यांना इतरांसमोर आदर्श म्हणून उभे करण्याचा मोह टाळावा, कारण त्याने कौतुक होते आणि सोबत तुटते.

वेळेविषयी कायदा आपल्या बाजूने आहे, निदान कागदावर. शिक्षणहक्क कायदा २००९ च्या कलम २७ नुसार दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून अन्य अशैक्षणिक काम शिक्षकाला देता येत नाही, आणि त्याच कायद्याच्या अनुसूचीत शिक्षकाचे आठवड्याचे ४५ तास धरताना पाठाची तयारीही त्यातच मोजली आहे. ऑनलाइन माहिती मात्र शाळेचेच काम म्हणून मागितली जाते आणि या तरतुदीतून अलगद निसटते. म्हणून मुख्याध्यापकाने मध्ये उभे राहावे : तास चालू असताना कोणत्याही शिक्षकाला निरोप जाणार नाही, ‘तातडीची माहिती’ आधी आपल्याकडे येईल आणि ती भरण्यासाठी आठवड्यातून एक ठरावीक दिवस राहील. तालुक्यातील शाळांच्या मोबाइल समूहावर दोन वेळा विचारणा होईल, ती आपण सोसावी.

प्रशिक्षणाबाबत थोडक्यात सांगतो. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० शिक्षकांकडून आणि मुख्याध्यापकांकडूनही वर्षाला ५० तासांच्या व्यावसायिक विकासाची अपेक्षा करते. प्रशिक्षणाहून परतलेल्याने एक गोष्ट वर्गात करून दाखवावी आणि बाकीच्यांनी ती पाहावी, म्हणजे ते तास शाळेत पोहोचतात. मुले फरशीवर आखलेल्या आकृत्यांवर बसून, वस्तू हाताळत स्वतः शिकतात म्हणून सातारा जिल्ह्यातील कुमठे बीटच्या (एका विस्तार अधिकाऱ्याकडील शाळांच्या गटाच्या) शाळा पाहायला राज्यभरातून शिक्षक जाऊ लागले, तेव्हा माझ्या पाहण्यातल्या काही शाळांनी परत येऊन वर्गाची फरशी तेवढी रंगवली. मुले त्या फरशीवर बसून काय करतात, हे पाहायचे राहूनच गेले.

प्रश्न : मी शाळा व्यवस्थापन समितीवर पालक प्रतिनिधी आहे. लोकवर्गणीतून आम्ही टीव्ही दिला, रंगकाम केले. शिक्षकांना याहून उपयोगी मदत कोणती करता येईल? – एक पालक, सोलापूर जिल्हा

उत्तर : या समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि शाळेचा विकास आराखडा तयार करणे हे तिचे कायद्याने दिलेले काम आहे. पुढचा आराखडा लिहिताना वस्तूंच्या यादीआधी शिक्षकांना ‘तुमचा वेळ कशात जातो?’ हा प्रश्न विचारा. तांदूळ उतरवून घेणे व मोजणे, खिचडीची चव पाहणे, पावसाळ्यात गळणाऱ्या पत्र्यासाठी ग्रामपंचायतीकडे खेटे घालणे, ही कामे तुम्हाला करता येतील, आणि तेवढ्या वेळेपुरते शिक्षक वर्गातच राहतील. कोण चांगले शिकवते याचा निवाडा मात्र समितीच्या बैठकीत नको. तक्रार असेल तर ती मुख्याध्यापकांशी एकांतात बोलावी.