पावडरीतलं ल्युसिन भाकरीत आहेच, अडतंय ते लायसिनपाशी

चिक्कोडीच्या ताई, तुमचा मुलगा 18 वर्षांचा, वजन 60 किलो, घरात अंडी-मांस चालत नाही आणि जिममधले सर बीसीएएची पावडर आणायला सांगतायत. आणावी का, असं तुम्ही विचारलंय. माझं म्हणणं सरळ आहे: तेच पैसे डाळी-कडधान्यात आणि दुधात घाला.

बीसीएएच्या त्या डब्यात तीनच अमिनो आम्लं, म्हणजे प्रथिनांच्या विटा, असतात: ल्युसिन, आयसोल्युसिन आणि व्हॅलिन. आपल्या अंगातली प्रथिनं 20 अमिनो आम्लांची बनतात. त्यातली 9 शरीराला तयारच करता येत नाहीत, ती जेवणातून यावी लागतात. ल्युसिनमुळे स्नायूंत प्रथिनं बांधायला सुरुवात होते, इथवर सरांचं बरोबर आहे. पण बांधायला नऊच्या नऊ लागतात. एक कमी पडलं की काम तिथंच अडतं, आणि उरलेली पुढच्या आठवड्यासाठी साठवायची सोय शरीरात नाही. ती जळून जातात.

आता आपलं ताट बघा. ज्वारीच्या 100 ग्रॅम प्रथिनांत ल्युसिन जवळपास 12 ग्रॅम असतं, लागतं त्याच्या दुप्पट. त्या नवांतलंच दुसरं, लायसिन, मात्र सव्वादोन ग्रॅमच्या आसपास; लागतं साडेचार. म्हणजे डब्यात जे विकतात ते भाकरीत मुबलक आहे, आणि जे कमी आहे ते डब्यात नाहीच! लायसिन भरपूर मिळतं तूर, मसूर, हरभरा, कुळीथ यांत. डाळीत त्या नवांतलं मेथिओनिन कमी, ते भाकरी भरून काढते. झुणका-भाकरी ही जोडी म्हणूनच पक्की आहे. खानापूरकडच्या भात खाणाऱ्यांनीही आमटी पातळ पाण्यासारखी ठेवू नये, कारण तांदळातही लायसिनच कमी असतं. दोन्ही एकाच घासात हवं असं काही नाही, दिवसभरात पोटात गेलं की झालं.

एक गोष्ट मुद्दाम सांगतो. आपल्याकडे भाकरी आणि शेंगाची चटणी म्हणजे जेवण झालं असं धरतात. शेंगदाण्यात प्रथिनं 100 ग्रॅमला 25 ग्रॅम आहेत खरी, पण लायसिन त्यातही कमीच. चटणी डाळीच्या जागी येऊ देऊ नका.

हिशेब असा: 200 ग्रॅम ज्वारीच्या पिठातून साधारण 20 ग्रॅम प्रथिनं, 100 ग्रॅम कोरड्या डाळ-कडधान्यातून 22, अर्धा लिटर दुधातून 16, मूठभर शेंगदाण्यांतून 7-8. झाली 65. साध्या माणसाला किलोमागे 0.83 ग्रॅम, म्हणजे त्याच्या वजनाला 50 पुरतात. तो व्यायाम करतोय, तर 75च्या पुढं न्यायला एक वाटी उसळ आणि दही वाढवा.

आणि अमिनो आम्लं फक्त दंडासाठी नसतात. टायरोसिनपासून थायरॉईडचं संप्रेरक आणि ॲड्रेनालिन बनतं, ट्रिप्टोफॅनपासून मेंदूत निरोप पोचवणारं सेरोटोनिन आणि थोडं नायसिन (बी3 जीवनसत्त्व), आर्जिनिनपासून रक्तवाहिन्या सैल करणारं नायट्रिक ऑक्साइड. कातडी-हाडांतल्या कोलॅजेनमध्ये दर तिसरं अमिनो आम्ल ग्लायसिन असतं.

सासूबाईंच्या मूत्रपिंडाच्या दुखण्याचं तुम्ही शेवटी लिहिलंय. त्यांना यातलं काही लावू नका. जास्तीच्या प्रथिनांचा नायट्रोजन युरिया होऊन मूत्रपिंडावाटेच बाहेर पडतो, त्यामुळे त्यांची डाळ किती हे त्यांच्या डॉक्टरांनाच ठरवू द्या.