पोस्ट डिलीट केली तरी झोप येईना

"पोरगं धर्माबद्दल कायबाय लिहितं, उद्या पोलीस आले तर?" असं विचारणारे आईवडील सोलापुरात माझ्याकडे समुपदेशनासाठी येत असतात, म्हणून ही एक केस सांगते, ओळख पटू नये एवढे तपशील बदललेत.

अशोक चौकाकडून एक आई आली, सोबत सव्वीस वर्षांचा मुलगा. घरात देवीला बोकड कापायची रीत, त्यावर ह्यानं फेसबुकवर लिहिलं की जिला आपण आई म्हणतो तिला लेकराचं रक्त कसं चालेल. काकांनी स्क्रीनशॉट काढून घरच्या ग्रुपवर टाकला, वर म्हणाले तुझ्यावर केसच करतो. पोस्ट त्यानं लगेच काढली पण झोप गेली ती गेलीच, गेट वाजलं तरी छातीत धडधड, आणि रात्र रात्र मोबाइलवर धर्मावर लिहिल्याबद्दल शिक्षा झालेल्यांच्या बातम्या वाचत बसायचा. सौदीचा रैफ बदावी, ब्लॉगवरून 10 वर्षं कैद आणि 1000 फटके, त्यातले 50 जानेवारी 2015 मध्ये जेद्दात लोकांसमोर मारले. नायजेरियाचा मुबारक बाला, फेसबुक पोस्टवरून 2022 मध्ये 24 वर्षांची शिक्षा (ती नंतर 5 वर आली, हे मी त्याला दाखवलं). पाकिस्तानचे प्राध्यापक जुनैद हाफीज, 2019 मध्ये फाशीची शिक्षा, आणि त्यांची केस लढणाऱ्या वकिलांना तर त्याआधीच ऑफिसात गोळ्या घातल्या. मला म्हणाला, मॅडम आता माझा नंबर.

आईचं एकच, याला लिहिणं सोडायला सांगा. मी नाही सांगितलं. आणि घाबरू नकोस असंही नाही म्हटलं, कारण 2013 ला पुण्यात डॉ. दाभोलकरांना भर सकाळी गोळ्या घातल्या, त्या राज्यात राहून मी ते कोणत्या तोंडानं म्हणू. पण सौदीचा कायदा सौदीत. आपल्याकडे पूर्वीचं दंड संहितेचं कलम 295अ, आता न्याय संहितेचं कलम 299, जास्तीत जास्त 3 वर्षं, आणि त्यात मुद्दाम, दुष्ट हेतूनं धर्माचा अपमान केला हे सिद्ध करावं लागतं. अशा गुन्ह्यात सरसकट अटक करू नका हे सुप्रीम कोर्टानं 2014 लाच सांगितलंय. तरीही त्रास होऊ शकतो, म्हणून एका वकिलांना भेटून त्यांचा नंबर घरात लिहून ठेवायला लावला, त्या कागदानं त्याला माझ्या बोलण्यापेक्षा जास्त धीर आला असं मला वाटतं.

मोबाइल रात्री नऊनंतर आईच्या कपाटात. आणि मग त्याला म्हटलं, नेमकी कशाची भीती वाटते ते वहीत लिही. पुढच्या वेळी वही आणली, मला वाटलं पहिली ओळ जेलची असेल, तर होतं, "काका परत बोलणार नाहीत." वडील लहानपणीच गेलेले, काकांनीच शिकवलं होतं त्याला. ही भीती कुठल्याच बातमीत नव्हती आणि आम्ही तीन सेशन कायद्यावर बोलत बसलो होतो!

तो काकांकडे गेला. काका म्हणाले, देवीचं राहू दे रे, पण लिहायच्या आधी मला विचारलं असतंस तर. बळीवर दोघांचं अजूनही पटत नाही, केस मात्र झाली नाही.

दोन महिन्यांनी त्यानं परत लिहिलं, त्याच विषयावर. टाकायच्या आधी आईला वाचून दाखवलं, तिनं "अडाणी" एवढा एक शब्द काढायला लावला आणि म्हणाली, बाकी राहू दे.