सत्तरीत आधी माणूस, मग निशाणी

तुमचा प्रश्न असा आहे: नोकरीनिमित्त कोल्हापूरहून गोव्यातल्या वाळपईला आलो, इथे एकाच घरातली मतं पंचायतीला एकीकडे, विधानसभेला दुसरीकडे आणि लोकसभेला तिसरीकडेच जातात. या लोकांना पक्ष नावाची काही गोष्ट आहे की नाही?

आहे, पण तिचा नंबर उशिरा लागतो. मी सत्तरीतलाच, म्हणजे वाळपईच्याच तालुक्यातला, त्यामुळे घरात आणि शेजारी जे बघत आलो त्यावरून सांगतो.

आधी आकडा बघा. २०२२च्या विधानसभेला गोव्यात साडेअकरा लाखांच्या आसपास मतदार होते आणि आमदार ४०. एका आमदारामागे सरासरी २९ हजार मतदार. तुमच्याकडे महाराष्ट्रात हाच आकडा तीन लाखांच्या वर जातो. २९ हजारांत आमदार लग्नाला येतो, बाराव्याला येतो, घरातलं माणूस बांबोळीच्या सरकारी इस्पितळात दाखल केलं तर डॉक्टरांना फोन करतो. मुलीला सरकारी खात्यात चिकटवायचं असलं की आईबाप त्याच्याच दारात उभे राहतात. लोहखनिजाच्या खाणी २०१२ला बंद पडल्या, पुढे २०१८ला सर्वोच्च न्यायालयाने ८८ लीज रद्द केली, आणि डिचोली-सत्तरीकडच्या कितीतरी घरांची कमाई थांबली. तेव्हापासून सरकारी नोकरीची ओढ आणखी वाढली. अशा घराने निशाणी बघून मत द्यावं, ही अपेक्षा मला अन्यायाची वाटते.

याचं सगळ्यात स्पष्ट उदाहरण तुम्ही राहता तिथलंच आहे. २०१७च्या फेब्रुवारीत वाळपईने विश्वजीत राणेंना काँग्रेसच्या निशाणीवर निवडून दिलं. त्यांनी राजीनामा दिला, भाजपमध्ये गेले, आणि ऑगस्टच्या पोटनिवडणुकीत त्याच मतदारांनी त्यांना कमळावर मोठ्या फरकाने पुन्हा निवडून आणलं. म्हणून लोक आंधळे आहेत असं मात्र समजू नका. २०१९ला काँग्रेसचे दहा आमदार भाजपमध्ये घेऊन गेलेले तेव्हाचे विरोधी पक्षनेते चंद्रकांत कवळेकर २०२२ला आपल्या केपे मतदारसंघात पडले. माणसामागे जायचं की नाही, हे प्रत्येक मतदारसंघ आपलं आपण ठरवतो.

पंचायतीचं गणित वेगळं. तिथे पक्षाची निशाणीच नसते. प्रभाग काहीशे मतांचा, त्यामुळे वाडा म्हणजे गावातली आपली वस्ती, भाऊबंदकी, देवस्थानातला मान, कुणाच्या वाटेवर कुणी कुंपण घातलं, हे सगळं त्या मतात उतरतं. सरपंच थेट लोकांतून निवडला जात नाही, निवडून आलेले पंच, म्हणजे पंचायतीचे सदस्य, त्याला निवडतात. म्हणून दोन पंच फुटले की अविश्वास ठराव येतो आणि सरपंच बदलतो. आमदाराचं पॅनल पडद्यामागे असतंच, पण वाड्यावरचा चांगला मुलगा त्याला हरवू शकतो, आणि हरवतोही.

लोकसभेला गोव्याच्या दोनच जागा. खासदार काही तुमच्या बाराव्याला येणार नसतो, त्यामुळे तिथे माणसं देशाचा विचार करून मोकळेपणाने मत देतात. उत्तर गोव्यात १९९९पासून श्रीपाद नाईकच निवडून येतात. दक्षिणेत पारडं फिरत राहतं.

जुन्या माणसांशी बोललात तर आणखी एक थर लागेल. १९६३च्या पहिल्या निवडणुकीत बहुजन समाज मगोच्या, म्हणजे महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाच्या, सिंह या निशाणीमागे उभा राहिला आणि भाऊसाहेब बांदोडकर मुख्यमंत्री झाले. कुळकायदा आला, गावोगाव मराठी शाळा निघाल्या. भाटकारासमोर, म्हणजे जमीनदारासमोर, ज्यांनी कधी मान वर केली नव्हती, त्यांच्यासाठी ते मत म्हणजे सगळ्यात मोठी गोष्ट होती. ती निष्ठा पक्षावरची होती, आणि पक्की होती. आज ती विरळ झाली आहे, याचं मला वाईट वाटतं.

माझी तक्रार मतदाराबद्दल नाही, हक्काच्या गोष्टी उपकार म्हणून वाटल्या जातात त्याबद्दल आहे. नळाचं पाणी, रस्ता, दाखला यांसाठी कुणाच्या दारात जावं लागू नये. सत्तरीत जमिनीचा प्रश्न तर पिढ्यान्‌पिढ्या लटकलेला आहे. कसणाऱ्याच्या नावावर जमीन नाही आणि ती व्हावी म्हणून पुन्हा पुढाऱ्याकडेच बघायचं. तरीही २०२१च्या जानेवारीत मेळावलीच्या लोकांनी आपली जमीन आयआयटीला द्यायला नकार दिला आणि सरकारला प्रकल्प तिथून हलवावा लागला. पुढच्याच वर्षी तालुक्यातल्या दोन्ही जागा, पर्ये आणि वाळपई, सत्ताधारी पक्षानेच जिंकल्या. पर्येतला फरक तर सुमारे १४ हजारांचा होता. बाहेरच्यांना यात विसंगती दिसते. मला दिसत नाही. जमिनीसाठी लोक सरकारशी भांडले, आणि रोजच्या कामांसाठी ओळखीचा माणूस सत्तेत ठेवला.

तुम्हाला हे आतून समजून घ्यायचं असेल तर निकालाचे तक्ते बाजूला ठेवा आणि आसपासच्या एखाद्या पंचायतीची रविवारची ग्रामसभा गाठा. तुम्ही तिथले मतदार नाही, तेव्हा बोलू नका, मागे बसून ऐका. आमदारासमोर गप्प राहणारी बाई तिथे उभी राहून पंचाला गटाराच्या बिलाचा हिशेब विचारते.