कचरा उचलणाऱ्या कंपनीचे शेअर घेताना आधी काय तपासावं?

नफ्याआधी येणी, म्हणजे बिल झालं पण अजून हाती न आलेले पैसे, बघा. अँटनी वेस्टसारख्या कंपनीची मोठी कमाई महापालिकांकडून येते, बरीचशी टनामागच्या दराने. काट्यावर गाडीचं वजन झालं की बिल बनतं, पैसे मात्र महिनोन्‌महिने अडकू शकतात. वार्षिक अहवालातली येणी भागिले विक्री, गुणिले ३६५ करा. समजा विक्री ९०० कोटी, येणी ३०० कोटी, तर बिलाचे पैसे यायला साधारण १२२ दिवस लागतात. हा आकडा दरवर्षी चढत असेल तर नफा कागदावरच आहे, मी तरी लांब राहीन.

मग कंत्राटाची उरलेली वर्षं, आणि डिझेल व किमान वेतन वाढल्यावर दर वाढवून मिळतो का ते पाहा. रिसायकलिंगचं गणित वेगळं: गणेशा इकोस्फिअर पेट (प्लास्टिकच्या) बाटल्यांपासून धागा करते, तिथे भंगार बाटली आणि धागा यांच्या भावातला फरक धरा.